गाडीची काच वर जाईना? 'मोटर गेली' ऐकून पैसे देण्याआधी हे वाचा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आई, बाबा आणि मी मुंबईहून पुण्याला येत होतो. लोणावळ्याला कणीस घ्यायला थांबलो. आईने काच खाली केली, तीन कणसं घेतली आणि बटण ओढलं. काच जागची हलेना.

"अहो, ही वर येत नाहीये."

"नीट ओढ ना बटण."

"नीटच ओढतेय."

बाबांनी त्यांच्या बाजूच्या मेन स्विचवरून प्रयत्न केला. तरी काही नाही. तेवढ्यात पावसाने जोर धरला. पुढचा सगळा प्रवास आईने मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि खिडकीला उघडी छत्री धरून केला. कणसं गार झाली, ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी गाडी वर्कशॉपला नेली. तिथल्या माणसाने बटण दोनदा दाबून पाहिलं. दार उघडलं नाही, फ्यूज बघितला नाही. म्हणाला, "मोटर गेली. पूर्ण सेट बदलायला लागेल. साडेआठ हजार, लेबर वेगळं."

बाबा जवळजवळ 'हो' म्हणाले होते. पण गाडी त्या दिवशी सोडायची नव्हती म्हणून परत आणली आणि संध्याकाळी सोसायटीच्या मागच्या गल्लीतल्या वायरमन काकांना दाखवली. त्यांनी बटण दाबून धरलं आणि दार हळूहळू उघडायला सुरुवात केली. दार अर्धं उघडल्यावर काच आपोआप वर सरकली. दार लावलं, पुन्हा बंद. "मोटर ठणठणीत आहे तुमची. रबराच्या आत वायर तुटलीये," काका म्हणाले. चाळीस मिनिटांत काम झालं. चारशे रुपये.

आता तुम्ही म्हणाल, एका काचेसाठी एवढा लेख कशाला? पण जगात लाखो गाड्या माघारी बोलावण्याची वेळ याच खिडकीच्या स्विचमुळे आलेली आहे. याच खिडकीत अडकून लहान मुलांचे जीव गेलेत. आणि आपल्याकडच्या मोठमोठ्या गाडी कंपन्यांना दोन हजार कोटींच्या वर दंड झाला, तो आमच्या साडेआठ हजारांसारख्या प्रकरणांच्या मुळाशी असलेल्या सवयीमुळेच.

म्हणून विषय नीट समजून घेऊ. आधी काच चालते कशी, मग बिघाड ओळखायचा कसा, आणि शेवटी ग्राहक म्हणून आपल्या हातात काय आहे.

बटण दाबल्यावर दाराच्या आत काय होतं?

पॉवर विंडोमध्ये मुख्य भाग पाच-सहाच असतात. बॅटरीकडून येणारा करंट आधी फ्यूजमधून जातो. तिथून स्विचकडे. ड्रायव्हरच्या दारावर सगळ्या खिडक्यांचा मेन स्विच असतो आणि इतर प्रत्येक दारावर त्या त्या खिडकीचा एक. स्विचपासून वायर दाराच्या आत मोटरपर्यंत जाते. मोटर फिरली की तिच्यासोबतचं रेग्युलेटर काच वर-खाली करतं. रेग्युलेटर म्हणजे केबलची किंवा कात्रीसारख्या पट्ट्यांची रचना. गॅरेजमध्ये तिला सरळ 'मशीन' म्हणतात. काच ज्या रबरी खाचेतून सरकते, ती शेवटची गोष्ट.

मोटर साधी बारा व्होल्टची. करंट एका दिशेने गेला की काच वर, उलट दिशेने गेला की खाली. स्विचचं काम ही दिशा बदलणं. नव्या गाड्यांमध्ये थोडा फरक आहे. तिथे स्विच फक्त इशारा देतो आणि प्रत्यक्ष करंट सोडण्याचं काम गाडीतला छोटा कंप्युटर करतो.

या साखळीत सगळ्यात जास्त हाल होतात ते वायरचे. गाडीची बॉडी आणि दार यांच्यामध्ये, बिजागरीजवळ एक घड्या असलेली रबरी नळी दिसते. सगळ्या वायरी त्यातून जातात. दार उघडलं की त्या ताणल्या जातात, लावलं की वाकतात. दिवसातून दहा वेळा दार उघडलं तरी वर्षाला साडेतीन हजारांच्या वर वेळा ती वायर वाकते. आठ-दहा वर्षांनी तिच्या आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटायला लागतात. बाहेरचं प्लास्टिक शाबूत असतं, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. आमच्या गाडीत हेच झालं होतं.

बिघाड शोधायचे आठ प्रश्न

यासाठी दार उघडून काढायची गरज नाही. बहुतेक प्रश्नांना कुठलं हत्यारही लागत नाही. क्रमाने जा.

१. एकच काच बंद आहे की सगळ्या?

हा पहिला आणि सगळ्यात मोठा प्रश्न. चारही काचा एकदम बंद पडल्या असतील तर चार मोटर एकाच दिवशी जाणं जवळपास अशक्य आहे. दोष फ्यूज, रिले किंवा मेन स्विचमध्ये असणार. ड्रायव्हरची काच चालते आणि बाकीच्या आपापल्या बटणांवरून चालत नाहीत? मग ड्रायव्हरच्या दारावरचं विंडो लॉकचं बटण बघा. गाडी धुताना किंवा मुलांच्या हाताने ते दाबलं गेलेलं असतं. या एका बटणासाठी गॅरेजला गेलेले लोक भरपूर सापडतील.

२. दुसऱ्या स्विचवरून चालते का?

मागची काच तिच्या दारावरच्या बटणाने चालत नाही, पण ड्रायव्हरच्या मेन स्विचवरून चालते. म्हणजे मोटर, मशीन आणि वायर चांगली आहे. दोष त्या दारावरच्या स्विचचा. आता उलटी गंमत: बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये मागच्या स्विचकडे जाणारा करंट मेन स्विचमधूनच जातो. त्यामुळे मेन स्विच खराब झाला तर मागची काच दोन्हीकडून बंद पडू शकते. म्हणजे दोष ड्रायव्हरच्या दारात आणि उघडलं जातं मागचं दार!

३. आवाज येतो का?

गाणी बंद करा, एसी बंद करा आणि कान दाराला लावा. आवाजच नाही, तर करंट पोहोचत नाहीये किंवा मोटर पूर्ण गेलीये. मोटर फिरल्याचा 'घुंऽऽ' आवाज येतोय पण काच ढिम्म, तर मोटर चांगली आहे आणि केबल किंवा काच धरणारी क्लिप तुटली आहे. 'कटकट' किंवा घासल्याचा आवाज येत असेल तर केबल गुंतली आहे किंवा दाते गेलेत. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, चांगली मोटरही जाईल.

४. आतला दिवा मंद होतो का?

गाडी बंद ठेवून फक्त चावी फिरवा, आतला दिवा लावा आणि बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला तर मोटरपर्यंत करंट जातोय, पण ती अडकली आहे. दिव्यावर काहीच परिणाम नाही, तर करंट वाटेतच कुठेतरी तुटतोय. जुन्या वायरमनची ही युक्ती आहे, फुकटची आणि बऱ्यापैकी खात्रीची. एलईडी दिवे असलेल्या नव्या गाड्यांमध्ये हा फरक दिसेलच असं नाही.

५. दार हलवल्यावर चालते का?

कोणाला तरी बटण दाबून धरायला सांगा आणि दार पूर्ण बंदपासून पूर्ण उघडेपर्यंत हळूहळू न्या. मधेच कुठे काच हलली, तर वायर तुटलेली आहे. वायरमन काकांनी केलेली चाचणी हीच. पाच सेकंद लागतात.

६. दारावर थाप मारल्यावर चालते का?

बटण दाबून धरून दाराच्या आतल्या पॅडवर हाताने दोन थापा मारा. काच थोडी सरकली आणि पुन्हा थांबली, तर मोटरमधले कार्बन ब्रश झिजलेत. आता मात्र मोटर खरंच जायला आलीये.

७. काच हाताने खाली जाते का?

दोन्ही तळव्यांमध्ये काच धरून हलकेच खाली दाबा. मोटरच्या गिअरची रचना अशी असते की चांगल्या स्थितीतली काच हाताने खाली जात नाही. सहज खाली गेली, तर केबल किंवा क्लिप तुटलीये. अशी गाडी बाहेर लावून झोपू नका. ती काच चोरालाही तेवढीच सहज खाली करता येते.

८. काच वर जाऊन परत खाली येते का?

एकदा बटण ओढलं की आपोआप पूर्ण वर जाणाऱ्या काचेला 'अँटी पिंच' असतं. मधे हात आला तर काच परत खाली जाते. रबरी खाच धुळीने कोरडी झाली की काच अडखळते आणि गाडीला वाटतं हात आलाय. खाच ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग सिलिकॉन स्प्रे मारा. तेल किंवा ग्रीस नको, त्यावर आणखी धूळ बसते. आणि नुकतीच बॅटरी बदलली असेल तर हा बिघाडच नाही. काच कुठून कुठपर्यंत जाते हे गाडी विसरलेली असते. बऱ्याच गाड्यांमध्ये काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरून ठेवलं की तिला परत आठवतं. नेमकी पद्धत तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

एवढं करूनही समजलं नाही, तर पुढचं काम वायरमनचं. दाराचं पॅड काढायचं, मोटरचा कनेक्टर सोडवायचा आणि बटण दाबल्यावर तिथे बारा व्होल्ट येतात का बघायचं. येत असतील आणि मोटर फिरत नसेल, तर मोटर गेली. येत नसतील, तर मोटर बदलून काही उपयोग नाही.

इथे एक मेख आहे. वायरचे वीसपैकी एकोणीस धागे तुटले असले तरी मीटर बारा व्होल्ट दाखवू शकतो, कारण मीटरला करंट जवळपास लागतच नाही. मोटरला मात्र भरपूर लागतो. म्हणून जाणकार वायरमन मीटरऐवजी बल्बचा टेस्ट लॅम्प लावतो. बल्ब मिणमिणता पेटला, तर वायरमध्ये दम नाही. फक्त मीटर बघून 'करंट येतोय, म्हणजे मोटर गेली' असं सांगणारा प्रामाणिक असूनही चुकू शकतो.

स्वतः करून बघणाऱ्यांना तीन सूचना. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा लावा. तार गुंडाळून काम भागवू नका, गाड्या अशाच पेटतात. पॅड काढलंच तर काच चिकटपट्टीने वर बांधून ठेवा आणि मशीनमध्ये बोटं घालून बटण दाबू नका. आणि ज्या गाडीच्या दारात एअरबॅगचे सेन्सर आहेत, तिथले कनेक्टर ओढू नका.

मग सरळ 'मोटर गेली' का सांगतात?

प्रत्येक जण फसवायलाच बसलेला असतो असं नाही. निदान करायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. "नुसतं बघायचे पाचशे?" असं आपणच विचारतो. पण पार्ट बदलला की बिल द्यायला कोणी कुरकुर करत नाही. त्यामुळे अख्खा सेट बदलणं वर्कशॉपला सोयीचं पडतं. दार उघडून वायर शोधण्यात तासभर घालवणाऱ्याला चारशे मिळतात आणि न शोधता सेट बदलणाऱ्याला साडेआठ हजार.

दुसरं कारण मोठं आहे. गाडी जसजशी कंप्युटरवर चालायला लागली, तसतसं निदानाचं साधन आणि माहिती कंपनीच्या हातात गेली. गल्लीतल्या मेकॅनिककडे ना ते स्कॅनर, ना वायरिंगचा नकाशा, ना अस्सल पार्ट.

हाच मुद्दा २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेला. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने १४ गाडी कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ठपका असा होता की सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि निदानाची उपकरणं बाहेरच्या गॅरेजला मिळू न देऊन कंपन्यांनी ग्राहकाला अधिकृत डीलरकडेच बांधून ठेवलं. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही आयोगाने सांगितलं. या आदेशाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या, त्यावर बराच काळ कायदेशीर लढाई चालली. पण 'बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली' हे वाक्य दगडावरची रेघ नाही, एवढं त्यातून स्पष्ट झालं.

पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. शेतीची उपकरणं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुट्या भागांचा तपशील आणि वॉरंटीच्या अटी एका ठिकाणी द्याव्यात ही कल्पना. पोर्टल आहे, पण ते उघडून बघणारे गाडीमालक किती, हा प्रश्न स्वतःलाच विचारून बघा.

एक स्विच आणि लाखो गाड्या

कधी कधी दोष तुमच्या गाडीचा नसतोच, तो कारखान्यातून आलेला असतो.

जानेवारी २०१० मध्ये होंडाने जगभरातल्या सुमारे ६ लाख ४६ हजार गाड्या माघारी बोलावल्या. कारण, खिडकीतून आत आलेलं पाणी ड्रायव्हरच्या दारातल्या मेन स्विचमध्ये जाऊन आग लागण्याचा धोका. त्याआधी दक्षिण आफ्रिकेत अशा एका गाडीला आग लागून एका लहान मुलीचा मृत्यू झाला होता. भारतातल्या ८,५३२ होंडा सिटी त्या यादीत होत्या.

ऑक्टोबर २०१२ मध्ये टोयोटाची पाळी आली. ७४ लाखांहून जास्त गाड्या, कारण पुन्हा पॉवर विंडोचा मेन स्विच. त्यात ग्रीस नीट लागलं नव्हतं, त्यामुळे स्विच अडखळायचा. या प्रकरणातला एक तपशील प्रत्येक गाडीमालकाने लक्षात ठेवावा असा आहे. स्विच अडकतोय म्हणून बाजारात मिळणारा कुठलाही स्प्रे त्यात मारू नका, स्विच वितळू शकतो आणि धूर येऊ शकतो, असा इशारा कंपनीने दिला होता. २०१५ मध्ये टोयोटाने पुन्हा ६५ लाख गाड्या बोलावल्या, पुन्हा त्याच भागासाठी.

सप्टेंबर २०२२ मध्ये टेस्लाने अमेरिकेत सुमारे ११ लाख गाड्या रिकॉल केल्या. इथे पाणीही नाही आणि ग्रीसही नाही. मधे काही आलं तर काच परत फिरवणारं सॉफ्टवेअर नीट काम करत नव्हतं. दुरुस्ती इंटरनेटवरून झाली.

म्हणून स्विच गरम लागत असेल, जळका वास येत असेल किंवा दाबल्यावर चिकटत असेल, तर ते 'बघू नंतर'मध्ये टाकू नका. चहा सांडला असेल, पावसात काच उघडी राहिली असेल, तरी दाखवून घ्या.

भारतात रिकॉल बराच काळ कंपन्यांच्या मर्जीवर होता. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकारला सक्तीने रिकॉल लावायचा अधिकार मिळाला. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी तो लागू आहे आणि न जुमानणाऱ्या कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण हे चक्र फिरतं ते तक्रारींवर. एकाच मॉडेलच्या ठरावीक संख्येने तक्रारी सरकारी पोर्टलवर आल्या की चौकशी सुरू होऊ शकते. आपण मात्र दोष निघाला की गुपचूप पैसे भरतो आणि फार तर व्हॉट्सॲप ग्रुपवर शिव्या घालतो. त्या शिव्यांची मोजणी कुठेच होत नाही.

काच बंद होतानाचा धोका

आतापर्यंत न चालणाऱ्या काचेबद्दल बोललो. पण चालणारी काच जास्त धोकादायक ठरू शकते.

२०२३ मध्ये तेलंगणातल्या सूर्यापेट जिल्ह्यात लग्नाच्या वरातीत नऊ वर्षांची एक मुलगी गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून नाच बघत होती. चालकाने न बघता काच वर केली. मान अडकून तिचा जीव गेला. एप्रिल २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बलियामध्ये नव्या गाडीत दीड वर्षाच्या मुलाचा असाच मृत्यू झाला. दोन्हीकडे बटण दाबणारा माणूस मुलाच्या वाईटावर नव्हता. त्याने फक्त मागे बघितलं नव्हतं.

अमेरिकेने २०१० पासून नियम केला की काच बंद करायचं बटण वर ओढायचंच असलं पाहिजे. मुलाचा गुडघा किंवा पाय पडून दाबलं गेलं तर काच वर जाता कामा नये. काही प्रकारच्या आपोआप वर जाणाऱ्या काचा १०० न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलोच्या दाबाआधी परत फिरल्या पाहिजेत, असाही तिथला नियम आहे. पण बटण धरून ठेवल्यावरच वर जाणाऱ्या साध्या काचेला ही सक्ती तिथेही नाही. आपल्याकडच्या अनेक बजेट गाड्यांमध्ये अँटी पिंच असलं तर फक्त ड्रायव्हरच्या काचेला असतं. मुलं बसतात मागे.

त्यामुळे आज घरी गेल्यावर एक गोष्ट तपासा. जाड पुठ्ठ्याची गुंडाळी खिडकीत धरा आणि काच वर करा. प्रत्येक खिडकीसाठी वेगळं करा. काच परत फिरली नाही, तर त्या खिडकीला संरक्षण नाही, हे घरातल्या प्रत्येक चालकाला सांगा. हात घालून मात्र बघू नका. मुलं गाडीत असताना विंडो लॉक लावा आणि काच वर करण्याआधी मागे वळून बघा.

दुसरा धोका पाण्याचा. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बंद गाड्यांमध्ये अडकून काही जणांचे जीव गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये फरिदाबादला पाणी भरलेल्या अंडरपासमध्ये गाडी घातल्यावर दोन बँक कर्मचारी बुडाले. गाडी पाण्यात गेल्यावर पॉवर विंडो लगेच बंद पडत नाही, पण किती वेळ चालेल याचा भरवसा नाही. म्हणून गाडी तरंगायला लागली की फोन नंतर. आधी सीट बेल्ट काढा, लगेच काचा खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा. दार उघडायच्या नादात वेळ घालवू नका, बाहेरच्या पाण्याचा दाब ते उघडू देत नाही. काच फोडायची छोटी हातोडी ड्रायव्हरच्या हाताला लागेल अशी ठेवा. डिकीत ठेवलेली हातोडी कामाची नाही.

आणि म्हणूनच 'एकच काच बंद आहे, चालतंय' म्हणून महिनोन्महिने फिरणं बरोबर नाही. ती काच म्हणजे अडचणीत बाहेर पडायची एक वाट आहे.

गॅरेजमध्ये काय बोलायचं?

भांडायची गरज नाही. चार वाक्यं पुरतात.

"मोटर गेली हे कशावरून? कनेक्टरला टेस्ट लॅम्प लावून दाखवा." खरंच तपासलं असेल तर माणूस आनंदाने दाखवतो.

"आधी निदान करा, त्याचे पैसे देतो. मग पार्टचं ठरवू." हे आपल्याला शिकायला हवं. चांगल्या वायरमनच्या तासाभराला किंमत आहे, हे मान्य केलं की तो तास आपल्यासाठी खर्च होतो.

"फक्त स्विच किंवा फक्त मोटर मिळते का, की पूर्ण सेटच घ्यावा लागतो?" काही मॉडेलमध्ये खरंच सेटच येतो. पण विचारल्याशिवाय कळत नाही.

"जुना पार्ट परत द्या आणि पक्कं बिल द्या." पार्ट हातात आला की बदललाय याची खात्री होते, आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर बिलाशिवाय काही चालत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. तुमच्या गाडीवर रिकॉल आहे का, हे कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून बघा. असेल तर दुरुस्ती मोफत होते.

आमच्या वायरमन काकांना मी नंतर विचारलं, "तुम्ही साडेआठ हजार सांगितले असते तरी आम्ही दिले असते. मग?" ते हसले. म्हणाले, "देऊन गेला असतात. परत आला नसतात."

परवा बाबांनी शेजारच्यांची गाडी त्यांच्याकडे पाठवली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे 'मागच्या दोन्ही मोटर गेल्या' होत्या. काकांनी ड्रायव्हरच्या दारावरचं विंडो लॉकचं बटण दाबलं आणि दोन्ही काचा खाली आल्या. त्याचे त्यांनी पैसेच घेतले नाहीत.